अण्णांची ओसरी

स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांवर एखादा माहितीपर लेख द्यावा, असे मी मनाशी ठरवले होते. परंतु लिहावयास बसलो आणि समोरच्या कपाटातील जुन्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे लक्ष गेले. त्या वह्या माझ्या वडिलांच्या, आम्ही ज्यांना अण्णा म्हणत असू त्यांच्या. त्यांच्या सेवानिवृत्तीनंतरच्या सव्वीस वर्षांचा हिशेब त्या वह्यांत आहे. त्यातील काही पानांनी मला जे शिकवले, ते वैद्यकीय महाविद्यालयात पुस्तकांतून वाचूनही शिकावयाचे राहून गेले होते. म्हणून आज त्या पानांविषयीच लिहितो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे वडील होते किंवा सुदैवाने आजही आहेत. त्यांना हे वेगळे वाटू नये.

अण्णांचा जन्म डिसेंबर १९२६ मधला. गाव उदगीर तालुक्यातले. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. आमचे आजोबा गावचे पटवारी. घरी दफ्तर मोडीत, शाळेत शिक्षण उर्दूत, देवघरात पोथी बाळबोधीत आणि बाजारात कानडी व तेलुगू, अशा वातावरणात ते वाढले. निजामाच्या राज्यात शिकलेल्या त्या पिढीतील कितीतरी मराठी माणसांची हीच कथा आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले ते उर्दू माध्यमाचे. सरकारी नोकरीत शिरावयाचे तर उर्दूला पर्याय नव्हता. अण्णा पुढील शिक्षणासाठी हैदराबादला आले, गौळीगुड्यात नातेवाइकांकडे राहिले आणि १९४६ मध्ये महसूल खात्यात कारकून म्हणून लागले. त्यांच्या वाट्याला दफ्तरखाना आला. सेतवार, पहाणी, फैसलपट्टी, मुंतखब हे शब्द आमच्या घरात भाजीच्या नावांसारखे उच्चारले जात. शिकस्ता वळणाची, म्हणजे घाईत मोडून लिहिलेली उर्दू वाचणे भल्याभल्यांना जमत नाही. अण्णा ती घडाघडा वाचत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि अण्णांचे बहुतेक मराठी सहकारी औरंगाबादकडे निघून गेले. त्या सुमारास आजी एरागड्ड्याच्या क्षयरुग्णालयात होती. तिचे उपचार अर्ध्यावर सोडून जाणे त्यांना मानवले नाही. ‘आई बरी झाली की बघू,’ असे म्हणून ते येथे राहिले. आजी बरी झाली, पुढे पंचवीस वर्षे जगली. पण अण्णांचे गावाकडे परतणे मात्र कायमचे राहिले. आपण हैदराबादकर झालो ते असे, एका आजारपणामुळे, हे ते हसून सांगत. त्यात खंत किती होती, ते आम्हांला कधी कळले नाही.

फेब्रुवारी १९८३ मध्ये आंध्र प्रदेश शासनाने कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ५५ वर आणले. पंचावन्न ओलांडलेल्या हजारो कर्मचाऱ्यांना २८ फेब्रुवारी रोजी एकाच दिवशी सेवेतून निवृत्त व्हावे लागले. अण्णा तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाला होतो, धाकटी बहीण इंटरमीजिएटला. त्या सोमवारी संध्याकाळी ते नेहमीच्या वेळी घरी आले, हातपाय धुतले, आईला म्हणाले, “आज दफ्तर बंद केलं. तरुण मुलांना जागा मिळतील, वाईट काय आहे त्यात?” आणि जेवावयास बसले. पुढे निवृत्तीचे वय पुन्हा ५८ झाले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात सापडलेल्यांना दिलासाही दिला; परंतु तोवर अण्णांची अठ्ठावन्न वर्षे उलटून गेली होती.

निवृत्तीनंतर आठच दिवसांत ते सुलतान बाजारातील एका कापडाच्या दुकानात जमाखर्च लिहू लागले. सकाळी दहा ते रात्री आठ. महसूल खात्यात ज्यांच्या टिप्पणीशिवाय कागद पुढे सरकत नसे, ते आता गल्ल्याशेजारच्या लाकडी पेटीवर वही मांडीवर घेऊन बसत. त्यांच्या ओळखीचे लोक दुकानात येत. काहींना अवघडल्यासारखे होई. अण्णांना होत नसे. “काम तेच आहे, कागद दुसरे आहेत,” असे ते म्हणत. माझे एम.डी. पूर्ण होऊन हाती पहिला नियमित पगार पडला, तो १९८९ मध्ये. तो मी त्यांच्या हाती ठेवला. त्यांनी देवापुढे ठेवून तो मला परत दिला आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकांना सांगून आले की, या महिन्याचा हिशेब पुरा करून मी थांबतो. सहा वर्षे हे काम आपण का केले, याविषयी ते एक शब्दही कधी बोलले नाहीत.

खऱ्या अर्थाने त्यांची निवृत्ती तेव्हा सुरू झाली, आणि तिच्याबरोबरच ओसरीही.

आमचे घर काचीगुडा स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर. मनमाड–काचीगुडा मार्गावरच्या गाड्यांनी नांदेड, परभणीकडची माणसे सकाळी उतरत. त्यांच्यापैकी काहींच्या पिशव्यांत कापडात गुंडाळलेले जुने कागद असत. निजामाच्या अमदानीतील जमिनीचे, इनामाचे, पाटीलकीचे. गावात ते वाचणारे कोणी उरलेले नसे. कोणीतरी त्यांना सांगितलेले असे की, काचीगुड्यात एक म्हातारे गृहस्थ आहेत, ते उर्दूही वाचतात आणि मोडीही. हळूहळू तेलंगणातील खेड्यांतूनही माणसे येऊ लागली. तेलुगू बोलणारे त्यांना ‘पंतुलुगारू’ म्हणत, उर्दू बोलणारे ‘पंडितजी’ आणि आपली माणसे ‘अण्णासाहेब’. मंगळवार आणि शुक्रवार हे दोन दिवस त्यांनी या कामासाठी ठरवून टाकले होते. सतरंजी, पाण्याचा तांब्या, भिंग आणि वही, एवढेच सामान.

या कामाचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत; परंतु त्यांची एक अट असे. मूळ मजकूर ते कागदावर मोठ्या, सुट्या अक्षरांत उतरवून देत. त्याखाली अर्थ मात्र आलेल्या माणसाने, किंवा त्याच्याबरोबरच्या शाळकरी पोराने, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या भाषेत लिहावयाचा. कोणी म्हटले की, “अण्णासाहेब, तुम्हीच लिहा की,” तर ते म्हणत, “कागद तुझा आहे. मी मेल्यावर तुला तो वाचता आला पाहिजे.”

फसली सनाचे गणित त्यांच्याकडूनच मी शिकलो. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास, आझूर महिन्यात सुरू होई, म्हणून मिती पाहून एक वर्ष पुढेमागे करावे लागते. याचा उपयोग मला दवाखान्यात झाला. जुन्या पिढीतील रुग्णांना वय विचारले तर ते ‘असेल साठ-सत्तर’ म्हणत. अण्णांनी मला सांगितले, “वय विचारू नकोस. पोलीस ॲक्शनच्या वेळी केवढे होता, ते विचार.” १९४८ सालचा तो सप्टेंबर ज्याने पाहिला, तो माणूस तो कधी विसरत नसे. त्याहून वृद्ध असतील ते मुसी नदीच्या १९०८ च्या पुरावरून आपल्या आईवडिलांचे वय सांगत. रुग्णाच्या आयुष्यात शिरण्याचा तो मार्ग होता. वय हे केवळ निमित्त.

एक प्रसंग मला विशेष आठवतो. १९९४ मधला. जहीराबादच्या बाजूची एक वृद्ध बाई नऊ-दहा वर्षांच्या नातवाला घेऊन आली होती. तिच्या सासऱ्यांनी जपून ठेवलेला एक उर्दू कागद तिच्याजवळ होता. पाच एकर जमिनीचा तो दाखला आहे, अशी घरातील समजूत. भावकीशी तंटा चालला होता आणि सारी भिस्त त्या कागदावर. मी दुपारी दवाखान्यातून जेवावयास आलो होतो, तो दारातच थबकलो. अण्णांनी कागदावर एक नजर टाकली आणि त्यांचा चेहरा किंचित बदललेला मला दिसला. त्यांनी कागद खाली ठेवला. आईला चहा करावयास सांगितले. बाईला विचारले, बरोबर आणखी कोणी आले आहे का. जमिनीत सध्या काय पेरले आहे. कागदाविषयी घरातले काय सांगतात. तिचे सगळे बोलणे संपेपर्यंत ते मध्ये एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, “आता मी हा पूर्ण वाचतो. तुम्ही ऐका. जे कळणार नाही तिथे मला थांबवा.”

तो कागद जमिनीचा दाखला नव्हता. फसली १३५२ मध्ये, म्हणजे १९४२-४३ च्या सुमारास, बियाण्यासाठी घेतलेल्या तकावी कर्जाची ती पावती होती. अण्णांनी ती मुहरेपासून सहीपर्यंत वाचली. बाई सुन्न बसून राहिली. अण्णाही काही वेळ गप्प होते. ‘हा कागद कुचकामाचा आहे,’ असे ते म्हणाले नाहीत आणि ‘काळजी करू नका’ असेही म्हणाले नाहीत. “तुमच्या सासऱ्यांनी त्या साली शेत केलं होतं, एवढं हा कागद सांगतो. त्याहून जास्त सांगत नाही. आता १९५४-५५ च्या खासरा पहाणीत कोणाचं नाव आहे ते बघायचं,” असे म्हणून त्यांनी तहसील कचेरीतून नक्कल मागण्याचा अर्ज नातवाकडून लिहून घेतला. पुढे त्या नकलेत पाचपैकी दोन एकरांवर तिच्या सासऱ्यांचे नाव निघाले. तंटा दोन एकरांवर मिटला.

पुढे २००० मध्ये रुग्णाला वाईट बातमी कशी सांगावी याविषयीची सहा टप्प्यांची एक पद्धत अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केली. ‘स्पाइक्स’ या नावाने ती आज जगभर शिकवली जाते. बसावयास नीट जागा करा, रुग्णाला आधीच काय ठाऊक आहे ते विचारा, त्याला किती ऐकावयाचे आहे ते पाहा, मग सोप्या शब्दांत सांगा, त्याच्या दुःखाला जागा द्या आणि पुढचा मार्ग ठरवूनच उठा. एका परिषदेत हे टप्पे पडद्यावर पाहताना मला आमच्या ओसरीवरची ती दुपार आठवत होती. अण्णांनी ही पद्धत कोठे वाचलेली नव्हती. एखाद्याची आयुष्यभराची समजूत मोडावयाची असेल तर त्याच्याशेजारी बसावे लागते, इतकेच त्यांना ठाऊक होते.

सेतुमाधवराव पगडी हे अण्णांचे आदर्श. निजामाच्या मुलकी सेवेत असताना आदिलाबादच्या जंगलात गोंडी भाषा शिकलेला, उर्दू आणि फारसीवर प्रभुत्व असलेला आणि शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावरही अखेरपर्यंत लिहीत राहिलेला हा आपल्याच भागातला थोर माणूस. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले तेव्हा अण्णांनी घरी शिरा करावयास लावला होता. ‘पगडींसारखे ग्रंथ लिहिण्याची माझी विद्या नाही. मी चार माणसांचे चार कागद वाचून देतो,’ असे ते म्हणत. मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तक बदलून आणणे, ‘पंचधारा’चा नवा अंक आला की तो पहिल्या पानापासून वाचणे आणि रात्री झोपण्यापूर्वी वहीत दिवसाची नोंद करणे हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही.

आता जे सांगावयाचे आहे, ते सांगताना आजही जड जाते.

२००० च्या सुमारास अण्णांचा उजवा खांदा दुखू लागला. मी तपासला. खांदा आखडला आहे असे निदान केले, गोळ्या दिल्या, फिजिओथेरपीला पाठवले. थोडे कमी, थोडे जास्त असे दोन वर्षे चालले. आई अधूनमधून काही सांगत असे. एकदा म्हणाली, “फोडणी करपून घरभर हिंगाचा वास सुटला, पण शेजारी बसलेल्या यांना पत्ताच नाही.” मी म्हटले, सर्दी असेल. एकदा म्हणाली, “हे झोपेत लाथा झाडतात, ओरडतात. मी माझी खाट दूर सरकवली.” मी हसून म्हटले, दफ्तरखान्याची स्वप्ने पडत असतील. ओसरीवरची माणसे त्यांना ‘जरा मोठ्याने वाचा’ म्हणू लागली होती. मी माणसांच्या कानांना दोष दिला. दवाखान्यात रोज शंभर रुग्ण पाहून मी रात्री दहाला घरी येई. अण्णा जेवावयाचे थांबलेले असत. त्यांच्यासमोर बसून मी जेवे आणि माझे लक्ष दुसऱ्या दिवसाच्या कामात असे.

२००२ च्या पावसाळ्यात जहीराबादचा तो नातू पुन्हा आला. आता तो कॉलेजात जाणारा तरुण होता. फेरफाराचा काही कागद त्याला वाचून हवा होता. अण्णांनी नेहमीप्रमाणे मजकूर उतरवून दिला. मुलाने पिशवीतून १९९४ चा तो जुना कागद काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि सहज विचारले, “आजोबा, तुमचं अक्षर एवढं बारीक कसं झालं?”

मी आतल्या खोलीत होतो. तो प्रश्न मी ऐकला आणि जागच्या जागी खिळलो. बाहेर येऊन ते दोन्ही कागद पाहिले. १९९४ च्या कागदावर टपोरी, मोकळी अक्षरे. २००२ च्या कागदावर ओळ सुरू होताना बेताची आणि ओळीच्या शेवटी मुंगीएवढी झालेली. त्या रात्री मी त्यांच्या वह्या काढल्या आणि पट्टी घेऊन बसलो. १९९७ च्या वहीत अक्षराची उंची पाच मिलिमीटर. १९९९ मध्ये चार. २००१ मध्ये तीन. चालू वहीत दोनहून कमी. पाच वर्षे रोज रात्री माझे वडील स्वतःच्या आजाराचा आलेख माझ्या घरात, माझ्या टेबलापासून दहा फुटांवर काढत होते आणि मी त्यांच्या खांद्याला शेक देत होतो.

आपल्या स्मरणिकेचे वाचक डॉक्टर आहेत तसेच अन्य बांधवही आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने ज्याचे वर्णन केले आणि आयुर्वेद ज्याला कंपवात म्हणतो, तो हा आजार. मेंदूच्या एका विशिष्ट भागात डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि हालचाली मंद व लहान होत जातात. लोकांच्या मनात हा आजार म्हणजे हात थरथरणे. पण सर्वच रुग्णांत सुरुवातीला कंप नसतो. अण्णांना पहिली काही वर्षे तो नव्हता. वास न येणे, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणे ही लक्षणे तर कधीकधी कित्येक वर्षे आधी दिसतात. एका बाजूचा खांदा आखडणे, चालताना एक हात न हलणे, आवाज खाली जाणे, चेहऱ्यावरचे भाव कमी होणे आणि अक्षर बारीक होत जाणे, ही सगळी त्याच कुटुंबातील भावंडे. हे सारे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना न्यूरॉलॉजिस्ट मित्राकडे नेले. अण्णा दारातून खुर्चीपर्यंत चालत आले, तेवढ्यात मित्राने माझ्याकडे पाहिले. निदान पावलांच्या आवाजातच होते.

संध्याकाळी घरी अण्णांनी मला ओसरीवर बोलावले. म्हणाले, “काय आहे ते सांग.” मी सुरुवात केली, “अण्णा, विशेष काळजी करण्यासारखं काही नाही. औषधं चांगली आहेत...” त्यांनी हात वर करून मला थांबवले. “निकाल नको सांगूस. कागद वाच. तुझं पुस्तक आण, त्यात काय लिहिलंय ते मला मराठीत सांग. तसल्लीनं. मधलं काही गाळू नकोस.”

मी पुस्तक आणले. त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसलो. आजार कसा होतो, कसा वाढतो, औषधे किती वर्षे नीट काम करतात, नंतर काय होते, गिळताना त्रास कधी सुरू होतो, हे सर्व मी वाक्यावाक्याने सांगितले. दोनदा माझा आवाज अडखळला. ते थांबून राहिले. शेवटी विचारले, “हे बरं होत नाही, असं लिहिलंय ना?” मी म्हटले, “होय.” “आणि लगेच मरतही नाही?” “नाही.” ते म्हणाले, “मग वेळ आहे. मला वाटत होतं की डोकं चाललंय. नाव कळलं, बरं झालं.” म्हणजे आपल्यात काही बदल होतो आहे हे त्यांना कळत होते. दोन वर्षे ते मनातल्या मनात घाबरलेले होते आणि डॉक्टर मुलाला त्रास नको म्हणून गप्प होते. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा सल माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी उशिरा केलेल्या निदानाने त्यांच्या आयुष्याची वर्षे कमी झाली असे शास्त्र म्हणत नाही. परंतु ती दोन वर्षे त्यांनी एकट्याने काढली, हे मात्र खरे.

त्यानंतरची साडेसहा वर्षे त्यांनी आजाराशी एखाद्या जुन्या दफ्तराप्रमाणे वागून काढली. लेव्होडोपाच्या गोळ्यांचे वेळापत्रक त्यांनी स्वतः आखले. प्रथिनयुक्त अन्नाबरोबर ही गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून ती जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावयाची आणि वरण-दह्याचा भाग रात्रीवर ठेवावयाचा, हे त्यांनी एकदा ऐकले आणि शेवटपर्यंत पाळले. आपल्याकडील कवचबीजात, म्हणजे खाजकुइलीच्या बियांत, हेच द्रव्य असते हे सांगितल्यावर त्यांना फार आनंद झाला; मात्र वैद्यांची मात्रा आणि माझी गोळी एकत्र करावयाची नाही, हेही त्यांनी मान्य केले. आवाज टिकावा म्हणून रोज सकाळी ते ‘सियासत’चा अग्रलेख मोठ्याने वाचत. शेजारचे खानसाहेब त्यांचे उच्चार दुरुस्त करीत आणि त्यावर दोघांचा वाद होई. वाद घालताना आवाज आपोआप चढे. तीच त्यांची खरी वाचाचिकित्सा. लिहिण्यासाठी आम्ही रुंद रेघांच्या वह्या आणल्या. डोळ्यांसमोर रेघ असली की हाताला अक्षराचे मोठेपण आठवते, हा साधा उपाय बराच काळ उपयोगी पडला.

ओसरी बंद झाली नाही. मंगळवार-शुक्रवारच्या जोडीला रविवार आला. जहीराबादचा तो मुलगा आणि आणखी तिघे जण रविवारी सकाळी उर्दू आणि मोडी शिकावयास येऊ लागले. मोडी लिहिताना आधी सबंध ओळीची रेघ ओढावयाची आणि मग अक्षरे तिला टांगावयाची, हे शिकवताना अण्णांची रेघ वाकडी होई. ते म्हणत, “माझी रेघ बघू नका. मी सांगतो ती ओढा.”

शेवटचे वर्ष कष्टाचे होते. दोनदा पडले, गिळणे अवघड झाले. जानेवारी २००९ मध्ये न्यूमोनियाचे निमित्त झाले आणि वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते गेले. तेराव्याच्या दिवशी ओसरीवर कितीतरी अनोळखी माणसे येऊन बसली होती. प्रत्येकाच्या घरी अण्णांच्या टपोऱ्या अक्षरातला एक कागद होता आणि त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलेला अर्थ.

२०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि तो शोध हैदराबादच्या दफ्तरांपर्यंत येऊन पोहोचला. त्या प्रश्नात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु जुनी उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे हवीत, अशी हाक तेव्हा सगळीकडे ऐकू येऊ लागली. जहीराबादचा तो मुलगा, जो आता चाळिशीला आला आहे, त्याचा मला फोन आला. तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आज आजोबा हवे होते.” मी म्हटले, “तू आहेस ना.”

अण्णांनी आम्हांला इस्टेट ठेवली नाही. सदतीस वह्या ठेवल्या. मुलाच्या शिक्षणासाठी कापडाच्या दुकानात बसलेल्या या माणसाने आपल्या विद्येचा मोबदला कोणाकडून घेतला नाही आणि आपल्या आजाराचा बोभाटा केला नाही. आयुष्यभर त्यांनी परक्यांचे कागद वाचले. त्यांचा कागद वाचणे मात्र मला, त्यांच्या डॉक्टर मुलाला, एका शाळकरी पोराने वाढून मोठे झाल्यावर शिकवले.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना आणि सर्व वाचकांना एक विनंती करून थांबतो. आपल्या वडिलांना, आईला वर्षातून एकदा समोर बसवून एक पान लिहावयास सांगा. रामरक्षा असो, वाण्याची यादी असो, काहीही चालेल. त्यावर तारीख घाला आणि जपून ठेवा. पुढच्या वर्षीचे पान त्याच्या शेजारी ठेवून पाहा. त्यांना दारापासून खुर्चीपर्यंत चालताना एकदा निवांत पाहा. ‘हिंगाचा वास आला नाही,’ असे आई म्हणाली तर हसण्यावारी नेऊ नका. रक्ताच्या तपासण्या आपण वेळच्या वेळी करतोच. या तपासणीला पैसे पडत नाहीत, केवळ शेजारी बसावे लागते.

अण्णांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.